अण्णांना अटॅक येऊन पाच आठवडे झाले, डॉक्टर म्हणतात चाला, आणि हे खाट सोडेनात

मागवाला_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या वडिलांना (अण्णा, वय ५८) नोव्हेंबरच्या शेवटी हार्ट अटॅक आला. पहाटे छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटायला लागलं, घामानं बनियन पार भिजलं, आई म्हणाली पित्त असेल, ओवा दिला, त्यात पाऊण तास गेला. मग नेलं. एक नळी पूर्ण बंद होती, लगेच अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, पाचव्या दिवशी घरी. इथपर्यंत सगळं देवानं बरं केलं.

परवा फॉलोअपला डॉक्टर म्हणाले प्रगती चांगली आहे, रोज चालायला लागा, पंधरवड्यात कारखान्यात जाऊन बसायलाही हरकत नाही. आमचा अशोक चौकाकडं टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग, वर घर खाली माग. अण्णा वर खाटेवर पडल्या पडल्या आवाजावरनं ओळखतात, "चार नंबर का थांबला रे?" म्हणून ओरडतात, पण चौदा पायऱ्या उतरून खाली येत नाहीत. पाच आठवड्यांत एकदाही नाही, फक्त दवाखान्याला जाताना खुर्चीत बसवून उतरवलं तेवढंच.

मी एकदा चिडून विचारलं की नेमकी भीती कशाची आहे. तर म्हणाले, "जळालेली मोटर रिवाइंडिंग करून आणली तरी पहिल्यासारखा लोड घेते का? नाही घेत. आता हिला जपूनच चालवायची, जेवढं शिल्लक आहे तेवढं पुरवून." आता यावर काय बोलायचं सांगा, तीस वर्षं माग चालवलेला माणूस आहे.

त्यात टूडी इकोच्या रिपोर्टवर ईएफ ४५ टक्के लिहिलंय ते त्यांनी स्वतः वाचलं. त्यांचा हिशोब असा की ४५ चालू म्हणजे ५५ टक्के हृदय मेलं. भेटायला येणारे तर विचारूच नका, एक नातेवाईक चहा पीत पीत सांगून गेले की पहिला अटॅक इशारा असतो, दुसरा धक्का असतो आणि तिसऱ्यात माणूस राहत नाही. अण्णा त्या दिवसापासून बोटांवर मोजायलेत. आई पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देते, बाथरूमची कडी लावू देत नाही, बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी "अहो, बरं वाटतंय ना?" चालू.

दरवर्षी गड्ड्याला (आमची सिद्धेश्वराची जत्रा) बाराबंदी (पांढरा अंगरखा) घालून नंदीध्वजांच्या मागं चालणारा माणूस, ६८ लिंगांची फेरी कधी चुकली नाही. यंदा बाराबंदी कपाटातनं काढूच नका म्हणाले.

तुमच्या घरात असं कुणाचं झालं होतं का? जबरदस्तीनं चालवावं का आपणहून उठायची वाट बघावी?

---

कडक_भाकरी

पहिलं काम म्हणजे ते चहावाले नातेवाईक बंद कर बे. आमच्या चुलत्याच्या वेळी रोज संध्याकाळी बैठक भरायची, प्रत्येकाकडं एक मेलेल्या माणसाची गोष्ट. जगलेल्याची गोष्ट कुणीच सांगत नाही, त्यात मजा नसते ना. शेवटी काकूनं भेटायची वेळ दुपारी दोनची ठेवली, सोलापूरच्या उन्हात दोनला कोण येतंय, आपोआप गर्दी संपली. चुलता आता सत्तरीला आलाय, रोज सकाळी पार्क मैदानावर दोन फेऱ्या मारतो आणि भेटेल त्याला वैताग आणतो.

---

फिजिओ_ताई

दादा, मी मूळची जुळे सोलापूरची, आता पुण्यात कार्डियाक रिहॅबमध्ये (हृदयाच्या पेशंटना व्यायामानं पुन्हा उभं करतात तिथं) फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं वाचून वाटलं आमच्या ओपीडीतल्याच पेशंटचं वर्णन चाललंय. मोटरची उपमा मात्र नवीन, आमच्याकडे बहुतेक जण बॅटरी म्हणतात, म्हणजे चार्ज संपत आलाय आता वापरायची नाही.

जबरदस्ती करू नका आणि नुसती वाटही बघू नका. आधी त्यांच्या डोक्यात काय चित्र आहे ते पूर्ण ऐकून घ्या, निम्मं तर तुम्ही वर लिहिलंच आहे. या विषयावर बराच अभ्यास झालाय. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला कीथ पेट्री आणि सहकाऱ्यांनी पहिला अटॅक आलेल्या ६५ च्या आतल्या १४३ पेशंटना दवाखान्यात असतानाच विचारलं होतं की तुमच्या मते हे दुखणं किती दिवस टिकेल, याचे परिणाम किती गंभीर होतील, ते आटोक्यात येईल का वगैरे, आणि मग सहा महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९९६ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. ज्यांना वाटत होतं की हे थोड्या दिवसांचं आहे आणि फार काही बिघडणार नाही, ते सहा आठवड्यांच्या आत कामावर परतण्याचं प्रमाण जास्त होतं. ज्यांना हे आटोक्यात येऊ शकतं असं वाटत होतं ते रिहॅबला जास्त येत होते. आणि ज्यांनी परिणाम फार गंभीर धरले होते त्यांची घरातली कामं, फिरणं, लोकांत मिसळणं नंतरही अडलेलं होतं.

त्याच गटानं पुढे २००४ मध्ये अजून एक गंमतीदार काम छापलं, पेशंटना म्हणाले तुमच्या हृदयाचं चित्र काढा, अटॅकनंतर ते कसं झालंय असं तुम्हाला वाटतं तसं. कुणी एक कोपरा रंगवला, कुणी अर्धं काळं केलं. रक्तातल्या ट्रोपोनिनवरून डॉक्टर इजा किती झाली ते बघतात ना, त्याच्यापेक्षा पेशंटनं चित्रात किती भाग खराब दाखवलाय यावरून पुढची रिकव्हरी जास्त नीट सांगता आली. अण्णांना हे करायला सांगून बघा, कागद पेन्सिल द्या बस. काय काढतात ते मला खरंच ऐकायचंय.

आता ईएफ. हे शाळेचे मार्क नाहीत हो. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा आहे. शंभर कुणाचाच नसतो, तुमचा माझाही नाही, चांगल्या धडधाकट माणसाचा ५५ ते ७० च्या आसपास असतो. म्हणजे ४५ हा थोडा कमी आहे, ५५ टक्के मेलं असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. शिवाय अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो, तो पुढच्या दिवसा-आठवड्यांत परत कामाला लागतो, म्हणून तर इको काही आठवड्यांनी पुन्हा करतात. जेवढा भाग खरंच गेलाय तिथे साधारण सहा ते आठ आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो.

आणि मोटरबद्दल त्यांना एवढंच विचारा की मोटर जास्त चालवली तर ती जाडजूड होते का? नाही, झिजते. दंड मात्र वापरला की भरतो. हृदय दंडाच्या जातीचं आहे.

चालणं सुरुवातीला सपाटीवर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी एखाद-दोन मिनिटं वाढवायची. चालता चालता बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. जेवल्यावर लगेच नाही, उन्हात नाही. सुरू करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना आकडे दाखवून घ्या, मी काही त्यांचे रिपोर्ट बघितलेले नाहीत. छातीत दडपण आलं, हातात जबड्यात कळ गेली, घाम फुटला, बसल्या जागी धाप लागली तर ओवा नको, सरळ १०८.

अजून एक विचारते, अण्णांच्या मते अटॅक आला कशानं?

---

मागवाला_सोलापूर

ताई खूप आभार. त्यांच्या मते टेन्शननं. सुताचे भाव, थकलेली उधारी आणि माझं लग्न जमत नाही ते. तंबाखू-चुना तीस वर्षं झाली पण त्याचं नाव घेत नाहीत, दवाखान्यात असल्यापासून बंद आहे, पण डबी अजून उशाखाली आहे, मी बघितलीय.

---

फिजिओ_ताई

तेच. सगळं खापर टेन्शनवर फुटलं की डबी उशाखाली राहते. टेन्शनचा वाटा नाही असं नाही, पण सुताचा भाव तुमच्या हातात नाही, डबी आहे. त्यांना कारणांची यादी करायला लावा, तुम्ही वाचून दाखवू नका. माझ्याकडचे पेशंट स्वतः तंबाखू म्हणाले की ती सुटते, मी म्हणाले की नुसती मान हलवतात.

---

विजापूर_वेस

मी उलटी बाजू सांगतो कारण इथं सगळे घाबरलेल्या पेशंटवरच बोलायलेत. माझ्या थोरल्या भावाला काहीच भीती नव्हती. स्टेंट टाकला म्हणजे नळाचा कचरा निघाला, विषय संपला, असं त्याचं डोकं. तिसऱ्या आठवड्यात मोटारसायकल, दुसऱ्या महिन्यात लग्नातलं मटण, आणि चौथ्या महिन्यात दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद केल्या, हार्टच्या डॉक्टरला विचारलं पण नाही, नंतर परत सुरू करायच्या राहून गेल्या म्हणे. स्टेंटमध्येच गुठळी झाली. रात्री अकराला परत तोच दवाखाना तीच लिफ्ट. वाचला, पण आता त्याचा ईएफ अण्णांपेक्षा बराच खाली आहे.

म्हणजे समजूत तीपण चुकीचीच. फक्त ती हसऱ्या चेहऱ्याची होती म्हणून घरात कुणाला दिसली नाही. आम्ही उलट कौतुक करायचो, बघा किती पॉझिटिव्ह आहे.

---

फिजिओ_ताई

@विजापूर_वेस हे सगळ्यांनी दोनदा वाचा. स्टेंट अडथळा आहे तिथली वाट उघडतो, नळ्यांचा आजार बरा करत नाही. अटॅकनंतर त्या दोन गोळ्यांची जोडी बहुतेकांना वर्षभर तरी असते, आणि दाढ असो की मोतीबिंदू, बंद करायचं का ते हार्टचे डॉक्टरच ठरवणार. "मी आता बरा झालो" आणि "हा आजार कायमचा आहे पण ताब्यात राहतो" यात फरक आहे.

---

सरळ_बोलतो

माफ करा पण मला हे पटत नाही. सगळं मनावर आहे म्हणायचं म्हणजे माणूस बरा नाही झाला तर दोष त्याचाच. माझी आई गेली तेव्हा पण लोक म्हणाले, तिनं मनानं हाय खाल्ली. नळी ब्लॉक होती तिची, मनाचा काय संबंध.

---

फिजिओ_ताई

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, आणि तसं बोलणारे चूकच होते. विचारानं नळी उघडत नाही, मी तसं म्हणतही नाहीये. त्याच ऑकलंडच्या लोकांनी नंतर ६५ पेशंटवर प्रयोग केला, निम्म्यांना दवाखान्यातच मानसशास्त्रज्ञानं अर्ध्या पाऊण तासाच्या तीन बैठकांत त्यांच्या समजुती विचारून त्या दुरुस्त केल्या. २००२ मध्ये निकाल आला, ते लवकर कामावर गेले आणि तीन महिन्यांनी छातीत दुखण्याच्या तक्रारी कमी होत्या. आयुष्य वाढलं असा काही दावा त्यात नाही. आपल्याकडचा योगा-केअरचा (अटॅकनंतर योगावर आधारलेलं रिहॅब) मोठा अभ्यास, २४ दवाखाने आणि ३९५९ पेशंट, त्यातही मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यात ठाम फरक दिसला नाही, पण माणसं आधीच्या कामांकडे जास्त परतली आणि त्यांना स्वतःला बरं वाटत होतं. एवढंच मिळतं, पण जो माणूस खाटेवरून उतरत नाही त्याच्या घराला एवढंच हवं असतं.

आणि हो, अटॅकनंतर पाचातल्या साधारण एकाला खरंखुरं डिप्रेशन येतं. अण्णा झोपत नसतील, जेवत नसतील, रडत असतील तर समजुतीच्या गप्पा पुरणार नाहीत, डॉक्टरांना सांगा.

---

निवृत्त_गुरुजी_६९

चर्चा वाचून माझे आजोबा आठवले. त्यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर दीड महिना पाठीवर झोपवून ठेवलं होतं, कूस बदलायलाही दोन माणसं, असं घरात सांगत. अण्णा जे करतायत ती एके काळी डॉक्टरांचीच शिकवण होती, त्यांनी कुठून तरी ऐकलेलं असणार, त्यांना हसू नका. १९५२ मध्ये अमेरिकेत लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी झटका आलेल्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं छापलं तेव्हा तेसुद्धा धाडस वाटलं होतं, नुसतं खुर्चीत बसवणं! १९५५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, सगळे म्हणाले संपलं, आणि तो गृहस्थ १९५६ ला पुन्हा निवडून आला आणि १९६९ पर्यंत जगला. तीन झटक्यांच्या गणिताचं म्हणाल तर निसर्गाला त्रैराशिक येत नाही.

बाईसाहेबांना (तुमच्या आईंना) मात्र कोण समजावणार? माझा अनुभव असा की रुग्ण तयार होतो, घर तयार होत नाही.

---

फिजिओ_ताई

गुरुजी, अगदी बरोबर मुद्दा. १९८५ मध्ये स्टॅनफर्डला एक छोटासा पण मस्त प्रयोग झाला होता. अटॅकनंतर तीन आठवड्यांनी नवऱ्यांची ट्रेडमिल टेस्ट. काही बायका तिथं हजरच नव्हत्या, काही नुसत्या बघत होत्या, आणि काहींना टेस्ट बघून झाल्यावर स्वतःला तीन मिनिटं त्याच ट्रेडमिलवर चालवलं. ज्या स्वतः चालल्या त्यांचाच नवऱ्याच्या हृदयावरचा विश्वास खऱ्या अर्थानं वाढला, नुसतं बघून किंवा ऐकून नाही. दादा, आईंना बरोबर चालवा.

---

मागवाला_सोलापूर (अपडेट, बारा दिवसांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, कारखान्यात दोन कामगार सुट्टीवर होते. सांगतो काय झालं ते.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले मी तर तेव्हाच सांगितलं होतं. मग अण्णांना चित्र काढायला दिलं. आधी म्हणाले हे काय बालवाडीचे खेळ, मग टॉवेलच्या डिझाईनचा चौकटीचा कागद असतो ना त्याच्यावर काढायला लागले, सवय ती. हृदय काढलं आणि एकेक चौकोन पेन्सिलनं काळा करत गेले, आम्ही आपलं बघतोय, थांबेचनात. अर्ध्याच्या वर काळं. आईनं तोंडाला पदर लावला.

ताईंचं ईएफचं वाचून दाखवलं. म्हणाले, "शंभर कुणाचाच नसतो?" हे तीनदा विचारलं. मग खोडरबर मागितला. सगळं नाही पुसलं, पण कागदावर मोजून बघितलं तर आता दहा-बारा चौकोन काळे आहेत. त्यावरनं कामगारांसारखं भांडलो आम्ही, मी म्हणालो अजून चार पुसा, ते म्हणाले तू डॉक्टर आहेस का.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाही, आठ वाजता, आईला बरोबर घेऊन पायऱ्या उतरले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, सात मिनिटं. परत आल्यावर आई ओट्यावर टेकली, तिला धाप लागलेली, आणि अण्णा उभे! तिच्याकडं बघून काय हसले, पाच आठवड्यांत पहिल्यांदा. "हिचं इको काढा" म्हणाले. तेव्हापासून आईची दर दोन मिनिटांची चौकशी बंद झाली, म्हणजे दहा मिनिटांवर आलीय. बाथरूमची कडी पण लागते आता. चालणं अठरा मिनिटांवर गेलंय. एकदा डाव्या बाजूला टोचलं तर परत खाटेवर जाऊन पडले, दीड दिवस वाया, डॉक्टरकडं नेलं, ईसीजी नीट, बरगडीजवळचा स्नायू दुखत होता, बोटानं दाबलं की तिथंच दुखायचं.

खाली कारखान्यात येऊन तासभर बसतात. चार नंबरच्या मागाला खरंच प्रॉब्लेम होता.

डबी अजून उशाखालीच आहे. विचारलं तर म्हणाले रिकामी आहे. उघडून बघितली, रिकामी होती, पण टाकू देत नाहीत. ठीक आहे.

गड्ड्याला ६८ लिंगांची फेरी जमणार नव्हतीच. अक्षता सोहळ्याला गर्दी फार म्हणून लांबनं बघितलं, रिक्षानं गेलो आणि शेवटचा थोडा रस्ता चालत. बाराबंदी आईनं इस्त्री करून ठेवली होती तर घातली नाही. म्हणाले, "फेरी न करता घालायची नसते, पुढच्या वर्षी घालतो."

---

कडक_भाकरी

लई भारी. आता ते चहावाले नातेवाईक आले की तो काळ्या चौकोनांचा कागद दाखव आणि त्यांना पण त्यांचं हृदय काढायला लाव.

---

भवानी_रिवाइंडिंग

उशिरा वाचला धागा. अण्णांची तब्येत सुधारतेय वाचून आनंद झाला. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही, रिवाइंडिंगची मोटर लोड घेत नाही हे कोण म्हणालं? तांबं पूर्ण गेजचं वापरलं, वार्निश नीट सुकू दिलं आणि बेअरिंग बदललं तर नव्यासारखी चालते. गेजमध्ये कुणी मारलं असेल त्यांना, बावीस वर्षं हेच काम करतोय. चार नंबरची मोटर पाठवून द्या, बघून देतो.